उन्माद-अवसाद चित्तविकृती आणि पुरुषाचे कामजीवन

मनोविकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उन्माद-अवसाद चित्तविकृतीच्या प्रकरणात कामवासनेचा उल्लेख साधारणतः दोन ठिकाणी येतो. उन्मादात ती वाढते आणि अवसादात ती मावळते, एवढे सांगून ग्रंथकार पुढे जातात. रुग्णाच्या आयुष्यात मात्र हा विषय दोन वाक्यांत संपत नाही. उन्मादाचा झटका काही आठवड्यांचा, अवसादाचा काही महिन्यांचा. या दोहोंच्या मधली वर्षे रुग्ण औषधे घेत, नोकरी सांभाळत आणि संसार करीत काढतो. त्या वर्षांतील त्याच्या कामजीवनाविषयी पाठ्यपुस्तके बहुधा मौन बाळगतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या वर्षांचा, आणि त्यातही पुरुष रुग्णांचा, विचार करावयाचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुचक्र, गर्भधारणा व प्रसूती यांमुळे प्रश्नाचे स्वरूप इतके पालटते की त्यासाठी स्वतंत्र लेखच हवा.

हा विषय हाती घेण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने द्विध्रुवी रुग्णांच्या औषधपालनावर प्रबंधिका लिहिण्याचे योजिले आणि मुलाखतीसाठी प्रश्नावली तयार केली. औषध सोडण्याची संभाव्य कारणे म्हणून तीत हातांचा कंप, तहान, वजनवाढ, विस्मरण, खर्च, नातेवाइकांचा विरोध अशी अठरा-वीस कलमे होती. कामजीवनाचे कलम नव्हते. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ते विचारले तर लोक उठून जातील." मुलाखत घेणाराच आधी उठून जाण्याच्या बेतात होता, हे त्याला आणि मला एकदमच उमगले. प्रश्नच विचारला नाही तर उत्तर येत नाही, आणि उत्तर आले नाही म्हणून अडचण नाही असा निष्कर्ष निघतो. एतद्विषयक साहित्य तोकडे राहण्याचे एक कारण हेच असावे.

संज्ञेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. उन्माद आणि अवसाद ही एकाच व्याधीची दोन रूपे आहेत हा विचार फ्रान्समध्ये फालरे व बायार्जे यांनी १८५४ मध्ये जवळजवळ एकाच वेळी मांडला. क्रेपेलिन यांनी १८९९ च्या आपल्या पाठ्यग्रंथाच्या आवृत्तीत तिला उन्माद-अवसाद चित्तविकृती हे नाव दिले. १९५७ मध्ये लेओनहार्ट यांनी केवळ अवसादाचे झटके येणारे रुग्ण आणि दोन्ही टोकांना जाणारे रुग्ण असा भेद केला, आणि १९८० मधील अमेरिकन वर्गीकरणापासून 'द्विध्रुवी विकृती' ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. आज आपल्याकडील रुग्ण व नातेवाईकही 'बायपोलर' असाच शब्द वापरतात. येथे जुनी व नवी दोन्ही नावे एकाच अर्थाने घेतली आहेत.

प्रथम उन्मादाचा विचार करू. उन्मादावस्थेतील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये कामवासना वाढलेली आढळते, असे अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या सरासरीवरून दिसते. परंतु 'वाढ' हा शब्द येथे अपुरा आहे. झोपेची गरज उरत नाही, स्वतःविषयी अमर्याद विश्वास वाटतो, समोरची व्यक्ती आपल्यावर मोहित झाली आहे असे निश्चित भासते, आणि परिणामांचा विचार मनात क्षणभरही टिकत नाही. या सर्वांच्या संयोगातून जे वर्तन घडते त्यास निव्वळ वासनाधिक्य म्हणणे योग्य होणार नाही. इच्छेचे प्रमाण वाढते हे खरे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एरवी उभा असणारा विवेकाचा उंबरठा नाहीसा होतो. म्हणूनच वर्गीकरणात या लक्षणाची नोंद वासनेखाली नव्हे, तर दुःखद परिणामांची शक्यता असलेल्या कृत्यांत बेफिकीरपणे पडणे या शीर्षकाखाली, उधळपट्टी व अविचारी व्यापार यांच्या शेजारी केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात अनिवार्य कामवर्तनाची विकृती स्वतंत्रपणे समाविष्ट झाली आहे. तथापि असे वर्तन केवळ उन्मादाच्या झटक्यातच घडत असेल तर ते निदान करू नये, असे तेथे बजावले आहे. उन्मादाचा रुग्ण 'बाहेरख्याली' म्हणून ओळखला जाणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी सर्रास घडते की या सूचनेचे महत्त्व येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

झटका ओसरल्यावर काय उरते, हा पुढचा प्रश्न. संरक्षणाविना घडलेल्या संबंधांतून उपदंश, परमा, यकृतदाह किंवा एड्सच्या विषाणूची बाधा होण्याचा संभव असतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत मानसिक रुग्णांच्या या जोखमीची पद्धतशीर पाहणी झालेली आहे, आणि रुग्णाला त्याच्या कामवर्तनाविषयी नीट विचारले तर तो उत्तरे देतो, हेही त्या कामातून दिसून आले. उन्मादातून बाहेर आलेल्या रुग्णाची, त्याच्या संमतीने, रक्ततपासणी करणे हा उपचाराचाच भाग समजावयास हवा. प्रत्यक्षात घरी पाठवताना त्याला लिथियमची मात्रा व पुढील भेटीची तारीख सांगतात. हा विषय पुष्कळदा राहून जातो. पत्नीची तपासणी तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

दुसरी उरणारी गोष्ट म्हणजे लाज. रुग्णाला झटक्यातील बऱ्याच गोष्टी आठवतात. कार्यालयातील सहकारी स्त्रीला आपण काय म्हणालो, मेहुणीला कोणता संदेश पाठवला, हे तो विसरलेला नसतो. येथे जबाबदारीचा अवघड प्रश्न उभा राहतो. "ते मी केले नाही, आजाराने केले" असे म्हणणे त्याला दिलासा देणारे असले तरी ज्या व्यक्तीला त्रास झाला तिच्या दृष्टीने ते पुरेसे नसते. उलट सर्व दोष त्याच्या चारित्र्यावर टाकणे शास्त्रीय दृष्ट्या चूक आणि उपचाराच्या दृष्टीने घातक होय. माझे मत असे की, कृत्याची हानी मान्य करणे आणि कृत्यामागचा हेतू आजाराच्या स्वाधीन होता हेही मान्य करणे, या दोन्ही गोष्टी रुग्णाला एकाच वेळी करता येतात, आणि कुशल समुपदेशक त्याला त्या करावयास शिकवू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. त्याला जोडून रुग्णाने बरा असताना पत्नीशी किंवा विश्वासातल्या माणसाशी आपला दूरध्वनी, पैसे, प्रवास यांविषयी घरगुती करार करून ठेवावा. पुढच्या झटक्यातील हानी यामुळे काही अंशी तरी आटोक्यात राहते.

पत्नीच्या बाजूने पाहिले म्हणजे आणखी एक अडचण ध्यानात येते आणि ती मला सर्वांत सूक्ष्म वाटते. उन्मादाचा अनुभव घेतलेल्या स्त्रीला नवऱ्याची इच्छा हे लक्षण वाटू लागते. तो रात्री उशिरापर्यंत जागा राहिला, थोडा अधिक बोलला, त्याने लाडाने काही सुचवले, की ती मनातल्या मनात दिवस मोजू लागते: गोळी घेतली ना, झोप किती झाली, परवा खरेदी कशाची केली? तिची सावधगिरी अगदी साधार असते. पण त्याचा परिणाम असा की, पुरुषाला आपल्या इच्छेचा उच्चार करणेच धोक्याचे वाटू लागते. कालांतराने तोही स्वतःवर पहारा ठेवतो. ही इच्छा माझी की आजाराची, असा प्रश्न त्याला पडतो. ज्या क्रियेत मनुष्याने स्वतःला थोडे विसरणे अपेक्षित आहे तिच्यात तो स्वतःची नाडी पाहत बसतो. अशा स्थितीत शरीराने साथ दिली नाही तर नवल नाही. परंतु या असहकारास कोणतेही औषध कारण झालेले नसते.

अवसादाविषयी थोडक्यात सांगणे पुरे. अवसादात इच्छा जाते, तिच्याबरोबर सुखाची अपेक्षाही जाते, आणि पुष्कळदा रुग्णाला तिच्या जाण्याचे दुःखही वाटत नाही. ते दुःख वाटू लागणे हे काही वेळा सुधारणेचेच चिन्ह असते. द्विध्रुवी रुग्णाच्या आयुष्यात उन्मादापेक्षा अवसादाचे दिवस कितीतरी अधिक असतात, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. लोक लक्षात ठेवतात तो उन्मादातील बेतालपणा. घरात वर्षानुवर्षे जाणवते ती त्यानंतरची निरिच्छा.

आता मधल्या वर्षांकडे वळू. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरील उपयोग प्रसिद्ध केला, डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ यांनी १९५४ पासून त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा केली, आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही दीर्घकालीन प्रतिबंधासाठी त्याच्या तोडीचे औषध क्वचितच सापडते. आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत तर त्याचा पुरावा विशेष भक्कम आहे. म्हणून लिथियम घेणाऱ्या पुरुषाची कोणतीही तक्रार, मग ती कितीही संकोचाची असो, गौण मानता येत नाही. तिच्यामुळे तो हे औषध सोडील काय, हा प्रश्न अक्षरशः जीवनमरणाचा असतो.

१९९६ मध्ये आयझेनबर्ग आणि त्यांचे इस्रायलमधील सहकारी यांनी लिथियम घेणाऱ्या ३५ पुरुषांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांत कामजीवनाच्या तक्रारी आढळल्या. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील ग्रोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लिथियमवर स्थिर असलेल्या व त्या वेळी कोणताही झटका नसलेल्या रुग्णांत, हेच प्रमाण एकतृतीयांशाहून काहीसे अधिक भरले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना या तक्रारी होत्या त्यांचे औषधपालनही तुलनेने ढिले होते. दोन देशांतील आकडे इतके जवळ यावेत हे लक्षणीय आहे. त्याआधी १९९२ मध्ये कॅनडात झालेल्या एका पाहणीत, लिथियमच्या जोडीला झोपेसाठी वा चिंतेसाठी बेंझोडायझेपीन वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत तक्रारींचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, म्हणजे एकट्या लिथियमवरील रुग्णांच्या कितीतरी अधिक आढळले होते. आपल्याकडे अशी झोपेची गोळी चिठ्ठीवर एकदा चढली की वर्षानुवर्षे उतरत नाही. तेव्हा पहिला दोष लिथियमला देण्यापूर्वी त्याच्या शेजारचे नाव पाहणे शहाणपणाचे ठरते.

लिथियम हे नेमके काय करते? शिश्नाचे उत्थान हे रक्तवाहिन्यांच्या शिथिलीकरणाचे कार्य आहे आणि तेथील मज्जातंतू व पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून हे शिथिलीकरण घडवून आणतात. या वायूच्या संदेशवाहक कार्याच्या शोधाला १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच यंत्रणेवर चालणारे सिल्डेनाफिल त्याच वर्षी अमेरिकेत विक्रीस आले. शास्त्र आणि बाजार इतके बरोबरीने चालल्याची उदाहरणे विरळा. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, दीर्घकाळ लिथियम दिलेल्या प्राण्यांमध्ये हे शिथिलीकरण क्षीण होते आणि प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखणाऱ्या औषधाने ते बऱ्याच अंशी पूर्ववत होते. हा धागा धरून इराणमधील संशोधकांनी लिथियमवर स्थिर असलेल्या ३२ पुरुषांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात काहींना रोज २४० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली, आणि कोणाला काय मिळते हे रुग्ण व परीक्षक दोघांपासूनही गुप्त ठेवण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या उत्थानक्षमतेत स्पष्टपणे अधिक सुधारणा झाली. प्रयोग लहान आहे आणि ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो; शिवाय त्याच जातीची इतर वेदनाशामके रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक रीतीने वाढवतात. यास्तव वाचकाने यावरून घरगुती उपाय काढू नये. परंतु ज्या तक्रारीस 'मनाचा खेळ' म्हणून वाटेला लावले जात असे, तिला शरीरात एक निश्चित ठिकाण आहे, एवढे या प्रयोगाने दाखवून दिले. लिथियमचा आणखी एक आडमार्ग आहे. त्याने अवटुग्रंथीचे कार्य मंदावते आणि त्या मंदपणामुळेही इच्छा कमी होते. येथे रक्ताच्या एका साध्या तपासणीने व एका गोळीने प्रश्न सुटण्यासारखा असतो.

इतर औषधांपैकी मनोविकाररोधकांचा वर्ग अधिक उपद्रवी आहे. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड ही औषधे मेंदूतील डोपामिनचा मार्ग अडवतात, त्यामुळे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. पुरुषात त्याचे परिणाम इच्छा मावळणे, उत्थान न होणे आणि क्वचित स्तनांची वाढ असे होतात. क्वेटियापिनमध्ये हा दोष पुष्कळ कमी, तर अरिपिप्राझोल उलट प्रोलॅक्टिन उतरवते. यांपैकी काही औषधांनी वेदनादायक उत्थान तासन्‌तास टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत. हा प्रकार चार तासांहून अधिक चालला तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर कायमचे वैगुण्य येते. लाजेपायी सकाळपर्यंत थांबणे हीच येथे सर्वांत मोठी चूक. अवसादावरील सिरोटोनिन वर्गातील गोळ्यांनी स्खलन लांबते व तृप्ती हरवते. द्विध्रुवी रुग्णाला त्या उन्मादाकडेही ढकलू शकतात, तेव्हा त्या चिठ्ठीत का आहेत हा प्रश्न दुहेरी कारणाने विचारावयास हवा. कार्बामाझेपिन यकृतातील विकरांना चेतवून मुक्त टेस्टोस्टेरॉन घटवते. लॅमोट्रिजिनचा या बाबतीत फारसा बोभाटा नाही.

व्हॅल्प्रोएटविषयी मात्र अलीकडच्या घडामोडींमुळे थोडे विस्ताराने लिहावयास हवे. गर्भवती स्त्रीने ते घेतल्यास अर्भकास होणारी इजा पूर्वीपासून ज्ञात आहे. पुरुषाचा संबंध प्रथम केवळ शुक्रजंतूंची संख्या व चलनवलन यांपुरता मानला जाई. जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय औषध नियंत्रकांनी आणखी एक इशारा दिला. उत्तर युरोपातील नोंदींवरून असे दिसले होते की, गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांत पित्याने व्हॅल्प्रोएट घेतले असल्यास अपत्यांपैकी शेकडा सुमारे ५ मुलांत मेंदूच्या विकासाचे दोष आढळले, तर लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटाम घेणाऱ्या पित्यांच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते. त्याच महिन्यापासून ब्रिटनमध्ये पंचावन्न वर्षांखालील कोणाही नव्या रुग्णास, स्त्री असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र संमतीवाचून सामान्यतः हे औषध सुरू करता येत नाही. त्याच वर्षी डेन्मार्कमधील दुसऱ्या एका अभ्यासात असा वाढीव धोका दिसून आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुरावा अनिश्चित असला तरी व्यवहार त्यामुळे अडत नाही. अपत्याची इच्छा असलेल्या तरुणाने त्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. स्वतःच्या विचाराने गोळी बंद करू नये. अडचण एवढीच की, 'तुम्हाला मूल हवे आहे काय' हा प्रश्न आपल्या बाह्यरुग्ण विभागात पत्नीला विचारतात, पतीला विचारत नाहीत.

या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बरा झालेला पुरुष जेव्हा 'पूर्वीसारखे राहिले नाही' असे म्हणतो तेव्हा 'पूर्वी' म्हणजे केव्हा, हे विचारावे लागते. जेमिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक द्विध्रुवी रुग्णांनी कामानुभवाची तीव्रता ही आजाराची एक देणगी म्हणून सांगितली होती. सौम्य उन्मादातील ती धार ज्याने चाखली आहे त्याला सामान्य माणसाचे सामान्य सुख फिके वाटणे साहजिकच आहे. अशा रुग्णाच्या बाबतीत औषधाने कार्य बिघडवले असे म्हणता येणार नाही. औषधाने मोजपट्टी बदलली, आणि ज्याची मोजपट्टी बदलली त्याचे दुःख खोटे नसते. त्याला गोळी बदलून देणे मात्र निरुपयोगी होय. त्याचा शोक ऐकून घेणे हाच तेथे उपचार.

आणि ज्यांचे कार्य खरोखर बिघडले आहे त्यांचे काय होते? पुढील चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही, अनेकांवरून जुळवलेले आहे. चौतिशीचा पुरुष, एका झटक्यानंतर दोन वर्षे लिथियमवर स्थिर. आठ महिन्यांपासून उत्थान टिकत नाही. पत्नीला वाटते, आपल्याविषयी मन उडाले. तो तसे वाटू देतो, कारण खरे सांगण्यापेक्षा ते सोपे जाते. डॉक्टर दर भेटीत झोप, भूक व कंप विचारतात, आणि आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते. एके दिवशी तो संध्याकाळची गोळी वगळतो. पंधरा दिवस काही घडत नाही; उलट थोडे बरेच वाटते, म्हणून सकाळचीही वगळतो. तीन महिन्यांनी तो पुन्हा रुग्णालयात येतो तेव्हा केसपेपरवर 'औषधपालन नाही' एवढाच शेरा पडतो. लिथियम एकाएकी थांबवल्यास पुनरावर्तनाचा धोका पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक असतो आणि हळूहळू कमी केल्यास तो घटतो, हे बाल्डेसारिनी व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. पण हळूहळू कमी करावयाचे तर ते कोणाला तरी सांगावे लागते.

या मौनाचा फायदा घेणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ मध्येच कायदा झाला. तरी 'गुप्त' रोगांच्या जाहिराती भिंतींवर व रेल्वेच्या डब्यांत वाचावयास मिळतच आहेत. सर्वसाधारण माणसाला त्यांत पैशाचा तोटा. लिथियम घेणाऱ्याला त्याहून मोठा. लिथियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडांवाटे. अशुद्ध भस्मांतील पारा वा शिसे मूत्रपिंडांना इजा करते आणि रक्तातील लिथियम विषारी पातळीला जाऊ शकते. 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिलची चोरटी भेसळ निरनिराळ्या देशांच्या नियंत्रकांनी वारंवार पकडली आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ती प्राणघातक होऊ शकते. 'लग्न केले म्हणजे ताळ्यावर येईल' हा घरगुती उपायही याच मालिकेतला. आजार लपवून लग्न लावून दिले की मुलगा गोळ्याही लपवून घेऊ लागतो, आणि लपवलेली गोळी चुकणारच.

उपचारांचा क्रम समजून घेणे कठीण नाही. तक्रार केव्हा सुरू झाली हे झटके व औषधे यांच्या कालपटावर मांडावे. पहाटेचे उत्थान टिकून आहे काय ते विचारावे. साखर, रक्तदाब, अवटुग्रंथी, प्रोलॅक्टिन, सकाळचे टेस्टोस्टेरॉन व लिथियमची पातळी पाहावी. तंबाखू आणि दारू यांविषयी विचारावे. चाळिशीनंतरचे उत्थानवैगुण्य हे कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, तेव्हा सर्वच दोष मनोविकारावर ढकलू नये. त्यानंतर पर्याय येतात: परिणामकारक राहील अशा किमान मात्रेपर्यंत औषध उतरवणे, अनावश्यक जोडऔषध काढणे, कमी उपद्रवी औषधाकडे वळणे, किंवा आहे ते ठेवून सिल्डेनाफिल देणे. उन्मादाची चाहूल असताना मात्र हे शेवटचे देऊ नये. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर फार जपून द्यावीत. हार्वर्डमध्ये निरोगी पुरुषांना मोठ्या मात्रेत ते दिले असता त्यांतील थोड्या जणांत उन्मादसदृश लक्षणे उमटल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आणि ज्या जोडप्यात भीती हेच मुख्य कारण आहे तेथे मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली, संभोगाचे ध्येय काही काळ बाजूला ठेवून स्पर्शापासून पुन्हा आरंभ करण्याची पद्धती अजूनही उपयुक्त आहे.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे याहून वेगळे काम आहे आणि ते मापनाचे व भाषेचे आहे. या क्षेत्रात बहुधा वापरली जाणारी ॲरिझोना श्रेणी पाच प्रश्नांची असून तिचे गुण ५ ते ३० पर्यंत जातात. गुण जितके अधिक तितके वैगुण्य अधिक. जोडीदार असो वा नसो, ती वापरता येते. उलट उत्थानकार्याचा पंधरा प्रश्नांचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक प्रत्यक्ष समागम गृहीत धरतो, त्यामुळे अविवाहित वा विभक्त राहणारा निकोप पुरुषही त्यात रुग्ण ठरण्याचा संभव असतो. 'पत्नी' हा शब्द प्रश्नात गृहीत धरणेही चुकीचे. पुरुषांचे परस्परसंबंध २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर गुन्हा राहिलेले नाहीत, पण आपल्या प्रश्नावल्यांना ही वार्ता अद्याप पोहोचलेली दिसत नाही. आणखी एक उणीव म्हणजे बहुतेक अभ्यासांत औषध सुरू होण्यापूर्वीची नोंद नसते. पूर्वस्थिती माहीत नसताना तिच्यात पडलेला फरक मोजता येणार कसा?

भाषेचा प्रश्न अधिक रंजक आहे. इच्छा, उद्दीपन, उत्थान, स्खलन व तृप्ती या पाच गोष्टी संशोधकाला निराळ्या हव्या असतात. मराठी रुग्ण त्या सर्वांसाठी 'कमजोरी' हा एकच शब्द वापरतो, किंवा 'मन लागत नाही', 'त्या बाबतीत काही राहिले नाही' असे म्हणून थांबतो. कोणी 'धातू जाते' म्हणतो, डॉ. विग यांनी १९६० मध्ये ज्या लक्षणसमूहाला धातूचेच नाव दिले त्याची ही बोली, आणि तिच्याआड अवसाद असू शकतो. उलटपक्षी आपण भाषांतरात 'कामोद्दीपन' घातले तर तो भल्या माणसासारखा मान डोलावतो, आणि ते उत्तर आपण मोजतो. मराठीत या विषयावर सरळ, स्वच्छ भाषेत लिहिता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवून, त्यापायी खटले सोसून, हे करून दाखवले आहे. त्यांची शब्दकळा आणि आजच्या बाह्यरुग्ण विभागातील बोली यांच्या मध्ये कोठेतरी आपल्या श्रेणीचे शब्द सापडतील. ते शोधण्यासाठी आधी पंधरा-वीस रुग्णांशी मोकळे बोलून त्यांचे शब्द टिपावे, मगच भाषांतरास बसावे. मुलाखत एकट्यात घ्यावी. नातेवाइकांना आधीच बाहेर चहाला पाठवावे. प्रश्न शेवटी लाजत विचारण्याऐवजी झोपेच्या प्रश्नानंतर लगेच, त्याच आवाजात विचारावा. उपर्युक्त विद्यार्थ्याने सुधारलेल्या प्रश्नावलीत हे कलम सातव्या क्रमांकावर घातले. पहिल्या बारा मुलाखतींत कोणीही उठून गेले नाही. दोघांनी मात्र हा प्रश्न आपल्याला यापूर्वी का विचारला गेला नाही, असे त्यालाच विचारले.